पिपातलं इंजिन

पोत्यात गुंडाळून करमाळ्याहून एसटीनं आणलं.
कंडक्टर म्हणाला, आत काय, बोकड?
मग वास घेऊन अर्धं तिकीट फाडलं
आणि मागच्या सीटखाली ढकलायला लावलं.

आठ घोड्यांचं, टू-स्ट्रोक, तीस वर्षांचं जुनं.
उजनीच्या फुगवट्यावर माझ्या होडीमागं
पाण्यात पाय सोडून राबलेलं.
पंधरा दिवस झाले, ऐन मध्यावर गप्प व्हायचं.
दोरी ओढून ओढून खांदा सुजला.
वल्ही मारत काठाला येईपर्यंत बर्फ वितळायचा,
व्यापारी माशाचे कल्ले उचकटून बघायचा
आणि माझ्याकडं न बघता भाव सांगायचा.

अशोक चौकाच्या मागं, मागांच्या खडखडाटात
अंबण्णा बोद्धूल बसतो.
होडी त्यानं फोटोतच पाहिलेली.
पण मॅग्नेटो तो मॅग्नेटो, म्हणाला,
लुनाचा काय अन् तुझा काय.

प्लग काढला. काळा, ओला.
"पेट्रोल येतंय. आग येईना."
वायरीला लावून हेडला टेकवला,
कोऱ्या टॉवेलाचा तागा डोक्यावरून ओढून
भर दुपारी स्वतःपुरती रात्र केली.
"ओढ."
ओढली.
टॉवेलातून आवाज आला:
"पिवळी हाय. आजारी. निळी पायजे."

फ्लायव्हीलचा नट हलेना.
घासलेटाचे चार थेंब सोडले आणि चहाला गेलो.
आलो तर सुटला, जसा काही आम्ही जायचीच वाट बघत होता.
आत पॉइंट. एकावर खड्डा, एकावर टेकडी.
"कंडेन्सर गेलाय. मग असंच हुतं,
एकाचं झिजतं, दुसऱ्यावर साठतं."
मला आमची वाटणी आठवली. बोललो नाही.

स्कूटरचा कंडेन्सर बसला. पॉइंट घासले.
कुणाच्या तरी लग्नपत्रिकेचा कोरा कोपरा फाडून
दोन्हींमधून हळू ओढला: काळी रेघ.
परत ओढला: कमी.
परत: नुसता कागद.

आता ठिणगी निळी, चटचट वाजणारी.
झाकण लावलं. मेली.
काढलं. जिवंत.
लावलं. मेली.
अंबण्णा तेलुगूत काहीतरी पुटपुटला,
ते आईबद्दल असावं.

बंद करायच्या बटणाची वायर,
झाकणाच्या कडेखाली घासून उघडी पडलेली.
बटण कुणी दाबतच नव्हतं.
झाकणच दाबत होतं, इतके दिवस.
मी दर वेळी पुसून, नीट, घट्ट लावायचो.

त्यानं मागाचं सूत गुंडाळलं, वर वॉर्निश, वर टेप.
सूत कशाला?
"टेप उन्हात सुटतीय. सूत धरून ऱ्हातंय."

चालू करायला निघाला तसा मी हात धरला:
कोरडं नको, पंपाचं रबर जळेल.
अख्ख्या दिवसात मला ठाऊक असलेली तेवढीच एक गोष्ट.

पीप लागलं. निळं, काठोकाठ भरलेलं,
शेजारच्या नरसव्वाच्या दारातलं.
"पाचव्या दिवशी नळ येतो बाबा,
अन् तुमच्या मशीनला आंघोळ?"
मी वाकून वास घेतला.
कुठलं पाणी, मावशी?
"उजनीचं. दुसरं कुठलं?"

शंभर किलोमीटर.
मी पोतं सांभाळत आलो
आणि ते माझ्या आधी येऊन बसलेलं, बिनतिकिटाचं.

दुसऱ्या ओढीला धरलं.
पीप थरथरलं, गल्लीत निळा धूर,
माग ऐकू येईनात, पोरं गोळा झाली,
अर्धं पाणी उसळून फरशीवर.
उरलेल्यावर तेलाचा तवंग.
नरसव्वानं तांब्या बुडवला, बघितला,
ओतून दिला. बोलली नाही.
बोलली असती तर बरं झालं असतं.

अंबण्णाचे पैसे दिले. तिचं पीप राहिलं.
आता इंजिन मध्यावर गप्प होत नाही.
चारी बाजूंनी पाणी, खाली किती पुरुष कोण जाणे,
आणि मी बसलोय त्यावर,
एका पिपाचा देणेकरी.